खरीफ : वाळवंटातला पावसाळा

शेतीच्या आकडेवारीशी ज्याचा कचेरीत संबंध आला आहे त्याला 'खरीप' हा शब्द नवा नाही. तक्त्यात पहिला रकाना खरिपाचा, दुसरा रब्बीचा. आमच्यासारख्या कारकुनांची निम्मी नोकरी हे रकाने भरण्यात जाते. शब्द मूळचे अरबी. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. पीक ज्या ऋतूत घरात येते त्या ऋतूचे नाव पिकाला, असा साधा हिशेब. फारसीच्या वाटेने हे शब्द महसुलाच्या दप्तरात शिरले आणि तिथून मराठीत रुळले. गोव्यातल्या शेतकऱ्याला मात्र कचेरीची पायरी चढेपर्यंत खरीप लागत नाही. तो 'सरद' आणि 'वायंगण' म्हणतो. सरद म्हणजे शरदच. म्हणजे अरबांनी ज्या ऋतूवरून नाव दिले त्याच ऋतूवरून आमच्या पूर्वजांनीही दिले, एकमेकांना न विचारता.

पण अरबस्तानात एक कोपरा असा आहे की जिथे खरीफ म्हणजे शरदही नव्हे आणि पीकही नव्हे. तिथे खरीफ म्हणजे पावसाळा. आपला, जून ते सप्टेंबरचा, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पावसाळा. आणि तो बघायला, नुसता बघायला, अर्धे आखात तिथे लोटते. माझा मावसभाऊ त्या गावी नोकरीला आहे. 'एकदा ये रे' असा त्याचा लकडा कित्येक वर्षे चालू होता. शेवटी रजा, खात्याचा ना हरकत दाखला वगैरे सोपस्कार उरकून एका ऑगस्टमध्ये गेलो. 'पावसाळ्यात गोवा सोडून पाऊस बघायला कुठे चाललास?' असे घरच्यांनी विचारले, त्यात त्यांचे काही चुकले नाही. आठ दिवस राहिलो. परत आल्यावर जे हाताशी लागले ते वाचले. त्यातून जे जमले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

ओमानच्या दक्षिण टोकाला, येमेनला लागून, धोफार नावाचा प्रांत आहे. सलाला हे त्याचे मुख्य शहर. उत्तरेला रुब अल् खाली, म्हणजे नावाप्रमाणेच 'रिकामा चतुर्थांश', वाळूचा समुद्र. दक्षिणेला खरा समुद्र, आपलाच. गोव्याच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे, थोडे उत्तरेला तोंड करून उभे राहिले तर समोर सुमारे दोन हजार किलोमीटरवर सलाला येते. मध्ये दुसरा कोणी शेजारी नाही.

दोन्ही गावांना भिजवणारा वाराही एकच. मग पणजीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि सलालाला जेमतेम शंभर-सव्वाशे, असे का? आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवसात पडतो तेवढा त्यांचा वर्षाचा पाऊस. कारण मोठे मजेदार आहे. नैर्ऋत्येचा हा वारा आफ्रिकेच्या शिंगावरून निघाला की धोफारच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावतो. त्या जोराने किनाऱ्याजवळचे वरचे कोमट पाणी बाहेर, खोल समुद्राकडे ढकलले जाते, आणि त्याची जागा घ्यायला तळाचे थंडगार पाणी वर येते. या थंड पाण्यावरून येणारी दमट हवा निवते आणि तिचे धुके होते. हे धुके वर चढून मोठा ढग व्हायला बघते, पण वर वाळवंटातली तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. झाकणाखाली कोंडलेले धुके मग उत्तरेला सरकते आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांच्या कुशीत जाऊन अडते. जबल कमर, जबल करा, जबल समहान अशी ही अर्धचंद्राकृती रांग. तीन महिने या रांगेच्या समुद्राकडल्या अंगावर धुके आणि भुरभुर, आणि माथा ओलांडला की पुढे ठणठणीत वाळवंट. मेघगर्जना नाही, वीज नाही, छपरावर तडतड नाही. सलालाचे तापमान तेव्हा पंचवीस-सव्वीस अंशांवर असते, आणि मस्कत, दुबई, रियाध चाळिशीच्या वर भाजत असतात.

आम्ही मस्कतहून मुद्दाम गाडीने गेलो. सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता. निझवा, अदम मागे पडले की रस्ता म्हणजे पट्टीने आखलेली रेघ. दोन्ही बाजूंना खडी आणि वाळू. झाड नाही, डोंगर नाही, वळणसुद्धा नाही. हैमाला चहा घेतला तेव्हा गाडीतला काटा पंचेचाळीस दाखवत होता. थुमरैत सोडले आणि चढ लागला. तोवर पुढच्या गाड्यांतली पोरे खिडक्यांतून अर्धी बाहेर आली होती. दुबई, शारजा, कतार, सौदी, सगळीकडच्या पाट्यांच्या गाड्या. माथ्यापाशी, कैरून हैरितीच्या अलीकडे, समोर आडवी पांढरी भिंत दिसली. तिच्यात गाडी शिरली आणि पाच-सात मिनिटांत काटा चाळिशीवरून पंचविशीत आला. काचेवर पाण्याचे कण. डाव्या-उजव्या बाजूला गवत. नुसते हिरवे नव्हे, आपल्या श्रावणातल्या सड्यांसारखे पोपटी. रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवून माणसे खाली उतरली होती आणि तोंड वर करून उभी होती. कोणी काही बोलत नव्हते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांच्या मुलांनी खुर्चीसकट उतरवून गवतात बसवले होते.

आपल्यासारख्याला पहिल्यांदा हसू येते. हा पाऊस? छत्री उघडावी एवढासुद्धा नाही. आमच्याकडे अंगणातल्या तुळशीवरून जाता जाता हात फिरवला तर जितके भिजतो तितकेच इथे तासभर उभे राहून भिजतो. पण दोन दिवस त्या माणसांत बसल्यावर हसू गेले. इत्तीनच्या पठारावर, दरबातच्या खोऱ्यात, रझातच्या झऱ्यापाशी कुटुंबेच्या कुटुंबे चटया अंथरून बसलेली. डोक्यावर काही नाही. चहाचे थर्मास, भाजलेली कणसे, तापवलेल्या दगडांवर भाजलेले मांस (त्याला मुधबी म्हणतात). भुरभुर वाढली की लोक आडोसा शोधत नाहीत, उलट आडोशातले बाहेर येतात. आपणही सांजावाला विहिरीत उड्या मारतो, माशेलला चिखलकाल्यात लोळतो, पण आपला आनंद मुबलकतेचा. त्यांचा हिशेब थेंबाथेंबाचा. हे सारे बघताना माझ्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडला. हा पावसाळा हजारो वर्षे इथे आहे. मग त्याची मजा घेणे इथे कधीपासून सुरू झाले?

समुद्राकडून सुरुवात करू. जुन्या खलाशांना खरीफ म्हणजे सुट्टी, तीही नाइलाजाची. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी जात नाही. तसाच तिकडेही समुद्र बंद. सलालाच्या पूर्वेला खोर रोरी नावाची खाडी आहे. तिच्या काठी सुमहुरम या बंदराचे अवशेष आहेत. हद्रमौतच्या राजांनी ते ऊद, धूप, म्हणजे खरा लोबान जहाजांवर चढवण्यासाठी वसवले. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात मोस्खा नावाच्या बंदराचा उल्लेख येतो, ते हेच मानतात. त्यात म्हटले आहे की भडोचहून आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागातून परतणारी जहाजे उशीर झाला तर तिथे मुक्काम करतात, आणि कापड, गहू, तिळेल देऊन राजाच्या माणसांकडून लोबान घेतात. १९५० च्या दशकात वेंडेल फिलिप्स या अमेरिकी संशोधकाच्या चमूला तिथे ब्राँझची छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पुढे इटालियन उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेले खापरही मिळाले. कुठल्यातरी दक्षिणी व्यापाऱ्याच्या भांड्याचा तुकडा. वारा फिरण्याची वाट पाहत तो तिथे किती दिवस बसला असेल कोण जाणे.

लोबानाचे एक सांगायला हवे. ज्या धुक्यासाठी आज सगळे धावतात ते या झाडाला चालत नाही. लोबानाचे झाड आपल्या सालईच्या कुळातले. धुक्याचा शेवटचा हात जिथे पोचत नाही तिथे, डोंगरामागच्या कोरड्या उतारावर ते वाढते आणि तिथलाच चीक उत्तम समजला जातो. थुमरैतच्या रस्त्यावर वादी दौका नावाचे खोरे लागते. तिथली ही झाडे, खोर रोरी, अल बलीद आणि आत वाळवंटातले शिस्र, असे मिळून २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. धोफारला प्राचीन जगात श्रीमंती आणली ती पावसाने नव्हे, पावसाच्या सीमेने.

सुमहुरम ओसरल्यावर सलालाजवळचे अल बलीद पुढे आले. मध्ययुगातले झफार बंदर ते हेच. इथून हिंदुस्थानात घोडे जात. मार्को पोलोने लिहिले आहे, इब्न बतूतानेही. घोडे म्हटले की गोवेकराचे कान टवकारले पाहिजेत, कारण विजयनगर आणि बहामनी या दोघांच्या भांडणात गोवा बंदराला जी किंमत आली त्यात अरबी घोड्यांचा वाटा मोठा होता, आणि अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर पहिल्यांदा आवळून धरला तो हाच व्यापार. इब्न बतूता तर दोन्हीकडचा पाहुणा. १३४० च्या दशकात तो होन्नावरच्या आरमाराबरोबर सांदापूरवर, म्हणजे आपल्या गोव्यावर, चालून आला होता. झफारला तो त्याआधी, १३३० च्या सुमारास, गेला होता आणि परतीच्या वाटेवर कालिकतहून पुन्हा गेला. वारा चांगला मिळाला तर हा प्रवास महिनाभराचा, असे तो सांगतो.

झफारचे त्याने केलेले वर्णन वाचताना मी दोनदा थांबलो. तिथले लोक हिंदुस्थानातून येणारा तांदूळ खातात, हिंदुस्थानचे सुती कापड नेसतात. पानवेल आणि माड हिंदुस्थानाबाहेर तिथेच होतात असे तो म्हणतो, आणि त्या दोहोंवर त्याने चांगली पाने खर्ची घातली आहेत. जनावरांना सुकवलेले तारले खाऊ घालतात याचेही त्याला नवल वाटले. (आपल्याकडे तारल्यांचे खत माडांना, तिकडे तारल्यांचे खाद्य गाईंना. तेवढाच फरक.) बाजारात फळे आणि मासळी यांमुळे माश्या फार, अशी तक्रारही आहे. आजसुद्धा सलालात समुद्राच्या बाजूने निघाले की रस्त्याकाठी माडांची भाटे आणि शहाळ्यांची, केळ्यांची दुकाने. दुकानदार बहुतेक मल्याळी किंवा बांगलादेशी. मावसभाऊ म्हणाला, 'इथे आलो तेव्हा पहिल्या दिवशी वाटले, काणकोणलाच उतरलो.' पण इब्न बतूतापासून कोणीही असे लिहिलेले मला आढळले नाही की लोक खरिफाची मजा लुटायला तिथे जमतात.

डोंगरातल्या लोकांची कथा आणखी वेगळी. जबल कराच्या आसपास राहणाऱ्यांना जबाली म्हणतात. त्यांची भाषा अरबी नव्हे. अरबीच्याच मोठ्या कुळातली, पण तिच्याहून निराळी, दक्षिण अरबस्तानातली जुनी भाषा. ती बोलणारे उंटांइतकेच गाईंवर जगतात. वाळवंटी अरबस्तानात गाईंचे कळप ही दुर्मीळ गोष्ट, आणि ती केवळ या धुक्यामुळे शक्य झाली. गवत खरिफाचे, पण खरिफाचे दिवस मात्र कष्टाचे. चिखल झाला की उंटाचा पाय घसरतो. त्याचा तळवा वाळूसाठी घडलेला. म्हणून उंट डोंगर सोडून खाली सपाटीला आणतात. चिलटे आणि माश्या गुरांना सोडत नाहीत. पूर्वी माणसे गुहांत किंवा गवताने शाकारलेल्या गोल घरांत गुरांसह कोंडून घेत, ओल्या लाकडाच्या धुरात. मला डोंगर दाखवायला आलेले मावसभावाच्या ओळखीचे एक जबाली गृहस्थ सत्तरीचे होते. लष्करात नोकरी केलेली, हिंदी मोडकेतोडके पण समजेल असे बोलत. त्यांना विचारले, 'चाचा, तुमच्या लहानपणी खरिफात काय मजा असायची?' ते थोडा वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, 'मजा? कपडे तीन महिने सुकायचे नाहीत.'

हे ऐकले आणि आमच्या आजीची आठवण झाली. पुरुमेंताचे सामान भरून झाले की ती पावसाकडे संशयाने बघत बसायची. पावसाची कविता करणारे निराळे आणि पावसात सरपण सुकवणारे निराळे.

चाचांच्या तरुणपणी तर खरिफाला आणखीच वेगळा अर्थ आला. ओमानचा सुलतान सईद बिन तैमूर हा १९३२ पासून गादीवर. शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात, राजपुतान्यातल्या राजपुत्रांबरोबर. १९५८ नंतर तो मस्कतला पाठ फिरवून कायमचा सलालाच्या राजवाड्यात राहिला. प्रजेवर बंधने नाना तऱ्हेची. १९७० साली सबंध देशात तीन शाळा आणि दहा किलोमीटर पक्का रस्ता होता, हे आकडे ओमानवरच्या बहुतेक पुस्तकांत येतात. १९६५ साली धोफारच्या डोंगरात बंड झाले. सुरुवातीला ते स्थानिक होते, १९६८ पासून त्याची सूत्रे डाव्या क्रांतिकारकांकडे गेली आणि शेजारच्या दक्षिण येमेनातून त्यांना शस्त्रे मिळू लागली.

या युद्धाचे वेळापत्रक धुक्याने ठरवले. खरीफ आला की विमानांना डोंगर दिसत नसे, रसद पोचत नसे, म्हणून सुलतानाची फौज डोंगर सोडून सपाटीवर उतरायची. बंडखोर मात्र त्याच धुक्यात येमेनच्या सीमेपासून उंटांवरून दारूगोळा आणायचे. म्हणजे हिवाळ्यात जिंकलेले पावसाळ्यात घालवायचे, असे वर्षानुवर्षे. २३ जुलै १९७० रोजी, ऐन खरिफात, सलालाच्या राजवाड्यात सत्तापालट झाला. ब्रिटिशांच्या संमतीने मुलाने बापाला पदच्युत केले. तो मुलगा म्हणजे सुलतान काबूस, जन्म सलालाचाच. त्याने माफी जाहीर केली, डोंगरात विहिरी, दवाखाने, शाळा द्यायला सुरुवात केली, आणि लढाईही चालू ठेवली. ऑक्टोबर १९७१ मध्ये, खरीफ ओसरताच, फौज वर चढली आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात प्रथमच खाली उतरली नाही.

बंडखोरांनी मग धुक्यावरच मोठा डाव लावला. १९ जुलै १९७२ च्या पहाटे सुमारे अडीचशे जण मिरबात या बंदरगावावर चालून आले. गावात ब्रिटिश कमांडो नऊ आणि थोडे ओमानी शिपाई. ढग इतके खाली की विमाने येणार नाहीत, हा हिशेब. पण विमाने त्या ढगांच्याही खालून, जमिनीला लागून आली, आणि सलालात नुकतीच येऊन पोचलेली कुमक मदतीला धावली. हल्ला फसला. दोन्ही बाजूंनी माणसे गेली. त्यांतले बरेच एकाच डोंगरातले, एकाच टोळ्यांतले. डिसेंबर १९७३ मध्ये इराणच्या शहाने पाठवलेल्या फौजेने सलाला-थुमरैत रस्ता मोकळा केला. ज्या रस्त्याने आम्ही गवत बघत, गाणी ऐकत उतरलो तोच हा. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. मिरबातचा तो किल्ला आजही आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या आवारात आखातातली दोन कुटुंबे फोटो काढत होती. चाचा गाडीतून उतरले नाहीत. युद्धात ते कुठल्या बाजूला होते हे मी विचारले नाही. दोन्ही बाजूंना राहिलेलेही पुष्कळ आहेत, कारण माफी घेऊन आलेल्यांच्याच तुकड्या करून सरकारने त्यांना पुन्हा डोंगरात पाठवले होते.

तेव्हा खरिफाची मजा ही या लांबलचक इतिहासात कालपरवाची गोष्ट. तिला आधी शांतता लागली, मग रस्ता, मग मोटार, आणि मोटारीत बसणाऱ्याच्या खिशात पैसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने खरिफाचा महोत्सव भरवायला सुरुवात केली. २०२४ च्या खरिफात तीन महिन्यांत दहा लाखांवर माणसे सलालाला आली. खऱ्या अर्थाने ती पाऊस भेटायला येणारी माणसे आहेत. गारव्याला तर ती युरोपातही जातात. इथे येतात कारण अजान ऐकू येते, जेवण आपले असते, आजोबांना बरोबर घेता येते, आणि अंगावर पाणी पडते.

पण गर्दीचे जे होते ते तिथेही होते. गवतावर गाड्या घालतात. चाकाखाली गेलेले गवत त्या वर्षी पुन्हा उठत नाही. समुद्र या दिवसांत खवळलेला असतो. मुघसैलच्या किनाऱ्यावर खडकांच्या भोकांतून पाण्याची कारंजी उडतात, ती जवळून बघायला लोक कठडा ओलांडतात. जुलै २०२२ मध्ये तिथे एका भारतीय कुटुंबातली माणसे, लहान मुलांसह, लाटेने ओढून नेली. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे हुकूम का निघतात हे ज्यांना कळत नाही त्यांनी ती बातमी आठवावी.

त्याहून खोल चिंता झाडांची आहे. धोफारच्या या उतारावर एक झाड मुख्य. शास्त्रीय नाव अनोगायसस धोफारिका. येमेनमधल्या हौफपासून जबल समहानपर्यंतचा पट्टा सोडला तर जगात कुठे नाही. आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचा हा भाऊबंद. भुरभुर पाऊस आकाशातून पडतो तो थोडाच. खरे पाणी धुक्यात असते आणि ते ही झाडे आपल्या पानाफांद्यांवर गाळून घेतात. धुके अंगावरून जाते, कण चिकटतात, थेंब होतो, खाली मुळाशी पडतो. आंके हिल्डेब्रांट आणि एल्फातिह एल्ताहिर या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ साली मोजमाप करून हेच मांडले की हे जंगल आपल्या जगण्यापुरते पाणी स्वतःच मिळवते. झाड आहे म्हणून पाणी आहे. गवताला तेवढे जमत नाही, उघड्या मातीला तर नाहीच. आणि हेच पाणी चुनखडीच्या डोंगरातून झिरपून पायथ्याशी रझात, जर्झीझ अशा झऱ्यांतून निघते आणि सलालाच्या विहिरींना पोचते. इब्न बतूताने बघितलेले माड त्याच पाण्यावर.

युद्ध संपल्यावर डोंगरात विहिरी झाल्या, गुरांचे डॉक्टर आले, पेंड स्वस्तात मिळू लागली. त्यामुळे पूर्वी उन्हाळ्यात मरणारी जनावरे जगली, कळप वाढत गेले. आज उंट, गाई, शेळ्या मिळून डोंगराला पेलेनात इतक्या झाल्या आहेत. उंट फांदीची कोवळी टोके खातो, शेळी रोपटे खाते. जुनी झाडे आहेत, पण त्यांच्या खाली लहान झाडे फार कमी दिसतात. चाचांनी एका उताराकडे हात केला. गवत होते, झाड एक नव्हते. 'इथे मी लहानपणी हरवलो होतो,' ते म्हणाले. 'झाडांत.' कुंपण घालून रोपे लावण्याचे काम सरकार काही ठिकाणी करते आहे. पण उंटावर कोण काय बोलणार? चाचांचे स्वतःचे बारा होते. 'विकणार का?' असे मावसभावाने थट्टेत विचारले तर त्यांनी विषयच बदलला.

निसर्ग कधीकधी एका रात्रीत वेगळेच दान टाकतो, जसे मे २०१८ च्या मेकुनू वादळाने टाकले. वर्षाच्या पावसाच्या कितीतरी पट पाऊस एका तडाख्यात, रस्ते वाहून गेलेले, रिकाम्या वाळवंटात तळी. त्यानंतरच्या खरिफात दरबातचा धबधबा भरभरून वाहिला आणि लोक खूश झाले. पण तसले पाणी समुद्रात जाते. डोंगराला मुरवणारे पाणी ते धुक्याचे, सावकाशीचे.

शेवटच्या दिवशी चाचांकडे चहाला गेलो. सिमेंटचे घर, बाहेर गाईंचा गोठा, धुके दारातून आत येत होते. गाई ठेंगण्या, आपल्या गावठी गाईंसारख्या. चाचींनी दूध घातलेला चहा दिला आणि वर लोबानाची धुपाटणी फिरवली, कपड्यांचा कुबट वास जावा म्हणून. मी विचारले, मग तुम्हाला कुठला ऋतू आवडतो? 'सर्ब,' ते लगेच म्हणाले. सर्ब म्हणजे खरिफानंतरचे दिवस, सप्टेंबरच्या अखेरीपासूनचे. धुके उठते, ऊन पडते, माश्या जातात, गवत कमरेइतके असते आणि गुरे बाहेर सोडतात. पर्यटकांच्या गाड्या तोवर दुबईला पोचलेल्या असतात. त्या दिवसांत चाचा आणि चाची नातवंडांना घेऊन डबा बांधून पठारावर जाऊन बसतात. 'ऑक्टोबरमध्ये ये,' त्यांनी मला सांगितले. मी म्हटले, ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे भात कापणीचे दिवस, रजा मिळणार नाही. 'कुठला भात?' त्यांनी विचारले. सरदचा, म्हटले, आणि मग त्या शब्दाचा अर्थ सांगताना पुन्हा एकदा चहा झाला.